सहा अंड्यांची खुशाली

मुलांनो, जरा एका गावाची कल्पना करा. तिथे वर्षभर फक्त आजी-आजोबा, मुलं आणि बदकं राहतात. आई-बाबा मोबाइलच्या पडद्यात राहतात. रविवारी संध्याकाळी ते पडद्यावर येतात, "जेवलीस का?" विचारतात, "अभ्यास कर" म्हणतात आणि कारखान्याचा भोंगा झाला की नाहीसे होतात. मग थंडीच्या अखेरीस एक दिवस असा उजाडतो, की वेशीपाशी गाड्यांची रांग लागते. गंजलेली कुलपं तेल घालून उघडली जातात, दारांच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या शुभेच्छा चिकटतात. ज्या गल्लीत काल बदकांच्या चालण्याचासुद्धा आवाज यायचा, तिथे आज फटाक्यांमुळे स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. नवं वर्ष आलेलं असतं.

दिसलं गाव? मग आता त्यातल्या एका स्वयंपाकघरात या. चुलीपाशी नऊ वर्षांची रुइहे बसली आहे. तिच्यापुढे बदकाच्या उकडलेल्या अंड्यांचं घमेलं आहे. ती एकेक अंडं सोलते आहे आणि प्रत्येक अंड्याकडे वैऱ्याकडे पाहावं तसं पाहते आहे.

अंड्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं, ते आधी सांगायला हवं.

गावाचं नाव शुइवेइ. सगळं गाव लियेन आडनावाचं, एकाच कुळाचं. रुइहे मात्र शू, कारण हे तिचं आजोळ. तिचे आई-बाबा समुद्राकाठच्या शहरात बुटांच्या कारखान्यात काम करतात, म्हणून ती चाइइंग आजीपाशी वाढते. तिच्या बाबांचं, वेनपेइचं, या गावाशी नातं एकच: ते गावचे जावई.

आणि शुइवेइत जावई असणं ही साधी गोष्ट नाही.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी नवऱ्यांना घेऊन माहेरी येतात. त्या दुपारी कुळाच्या देवळासमोरच्या सिमेंटच्या अंगणात बास्केटबॉलचा सामना होतो, गावचे मुलगे विरुद्ध गावचे जावई. एरवी त्या अंगणात भात आणि रताळ्याच्या शेवया वाळतात. सामन्याच्या दिवशी मात्र ढोल-झांजा येतात, संत्र्यांच्या पाट्या येतात, आणि दोन खांबांमध्ये लाल फलक लागतो: "आधी स्नेह, मग सामना." जो हरेल त्याने संध्याकाळच्या गावजेवणाची सगळी भांडी घासायची, असा नियम. अंगणात सिमेंट पडल्यापासून भांडी जावयांनीच घासली आहेत.

गावचे प्रमुख देशेंग आजोबा. असं का होतं म्हणून कुणी पाहुण्याने विचारलं, की ते डोंगराकडे बोट दाखवत आणि म्हणत, आमच्या झऱ्याच्या पाण्यातच ताकद आहे. पाहुणा मान डोलवी आणि बाटली भरून घेऊन जाई.

खरं कारण झऱ्यात नव्हतं, घमेल्यात होतं.

रीत अशी, की जावयाने त्या सकाळी बायकोच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांच्या घरी जाऊन नववर्षाचा नमस्कार करायचा. प्रत्येक घरी त्याच्यापुढे वाडगा येतो. त्यात गरम रस्सा, लांबच लांब शेवया आणि वर बदकाची दोन उकडलेली अंडी. ही खुशालीची अंडी. ती खाल्ली की वर्षभराचा प्रवास सुखरूप. पण वाडग्यात अंडं उरलं, तर अडचण खाणाऱ्याची होत नाही, वाढणाऱ्याची होते. त्या घराची खुशाली अर्धी राहते. तेव्हा नको म्हणायची सोयच नाही. कोणता जावई म्हणेल, की सासूबाई, तुमचं घर बुडालं तरी चालेल, माझ्या पोटात जागा नाही? म्हणून जावई खातात. पुढच्या घरी जाऊन पुन्हा खातात. तिसऱ्या घरी बसतानाच उसासा टाकतात. आणि दुपारी मैदानात उतरतात तेव्हा हरीण गिळलेल्या अजगरासारखे दिसतात.

हा डावपेच आहे असं शुइवेइत कुणी कधी म्हटलं नाही. देशेंग आजोबांनी वर्ष संपताना फक्त एक बैठक घेतली, तिचं नाव "पाहुणचार सुधार बैठक". माइक हातात घेऊन ते बराच वेळ बोलले. जावई हा गावाचा मान आहे, मान राखायला तीन-चार घरं अपुरी पडतात, यापुढे प्रत्येक जावयाला सात घरांनी वाढावं, असं त्यांनी सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सामन्यात खेळणाऱ्या मुलग्यांच्या टाळ्या जरा जास्त जोरात होत्या.

रुइहेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की बाबा मधल्या रेषेवरून चेंडू फेकून थेट जाळीत घालतात. तिने ते पाहिलेलं नव्हतं. कारखान्याच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत आपण असं करतो, हे बाबांनी पडद्यावरून सांगितलं होतं आणि आईने मागून मान डोलावली होती. रुइहेने ते शाळेत सांगून टाकलं. देशेंग आजोबांचा नातू हाइताओ तिच्याच वर्गात.

"तुझे बाबा?" तो म्हणाला. "ते तर दर वर्षी बाकावर बसून ढेकर देतात. मधली रेषा कुठे आहे ते तरी माहीत आहे का त्यांना?"

त्या दिवसापासून वर्गात बाबांना नाव पडलं, ढेकरबाबा. रुइहेने सांगितलं, या वर्षी बघाच. सांगून बसली आणि मग दिवसभर तिला वाटत राहिलं, की खरंच बघायची वेळ आली तर? बाबा वर्षातून एकदा येणार, चार दिवस राहणार आणि गावाला आठवणार तो त्यांचा ढेकर.

वर्षाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी देशेंग आजोबा आजीच्या स्वयंपाकघरात आले आणि चुलीपाशी हात शेकू लागले.

"वहिनी, तुमचा जावई उंच आहे. उंच माणसापुढे दोन अंडी ठेवायची म्हणजे त्याचा अपमान. तीन घाला."

आजीने पळी खाली ठेवली. "तीन? माझ्या घरी कुणी मेलंय का, भावोजी? शुभ दिवशी विषम आकडा वाढतात कधी?"

"मग चार."

"आणि चार तर तोंडातून काढू नका. मरणाचा आकडा तो. मी सहा घालीन. सहा म्हणजे वर्ष कसं सुरळीत जातं."

देशेंग आजोबांना खरं तर तीनच पुरली असती. ते भरल्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे गाव आहे."

ते बाहेर पडले आणि दहा घरी सांगत गेले, की चाइइंगवहिनी सहा अंडी घालते आहे. आता सासवांची गोष्ट सगळीकडे सारखीच. एका सासूने सहा घातल्यावर दुसरीने दोन घालायची म्हणजे आपलं नाक आपणच कापून पाटावर ठेवायचं. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या गावात सहाचा भाव झाला. गावातली अंडी संपली. शेजारच्या गावाला स्कूटर गेली. बदकांना तर चार दिवस कुणाचा चेहरा बघवेना.

आणि चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या रुइहेला सगळं समजलं, बाबा दर वर्षी ढेकर का देतात तेसुद्धा. तिने आजीला विचारलं, की बाबांना दोनच दिली तर नाही का चालणार, त्यांना दुपारी पळायचं असतं. आजीने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. म्हणाली, सामन्याचं मला काय करायचंय? पोरगा वर्षभर कारखान्यातल्या डब्यातलं गार अन्न खातो. माझ्या डोळ्यांदेखत सहा खाल्ली, तर माझ्या जिवाला बरं वाटेल.

देशेंग आजोबांवर रागावता आलं असतं. आजीवर कसं रागावणार? म्हणून रुइहे अंड्यांवर रागावली. आणि रागाच्या भरात समोरच्या वाडग्यातलं एक अख्खं अंडं तिने तोंडात कोंबलं. मग दचकली. तो वाडगा आजीने स्वतःसाठी वाढून ठेवला होता. आजीची खुशाली तिने गिळली होती.

आजी हसली. "खा, खा. आपल्या पोराने खाल्लं म्हणजे आपणच खाल्लं. खुशाली घरातच राहिली की नाही?"

रुइहेचं चावणं थांबलं. गाल फुगलेलेच होते. तिने हळूच घमेल्याकडे पाहिलं.

आई-बाबांना आधीची तिकिटं मिळाली नव्हती. ते दुसऱ्या दिवशी पहाटे पोचले. वर्षभर रुइहेने ठरवून ठेवलं होतं, की बाबा दारात आले की आपण असं धावायचं आणि असं बिलगायचं. प्रत्यक्षात ती धावली, बिलगली आणि त्यांच्या कोटात तोंड खुपसूनच म्हणाली, "बाबा, भूक लागलीय का?"

"फार. गाडीत नुसत्या पाकिटातल्या शेवया."

"मग थोडी राहू दे," रुइहे म्हणाली.

पहिला वाडगा आजीच्याच घरचा. बाबांनी जेवायच्या काड्या उचलल्या आणि वाडग्यात डोकावताच त्यांचा चेहरा एखाद्या लांबच्या प्रवासाचं तिकीट पाहावं तसा झाला. रुइहे जाऊन त्यांच्या शेजारी चिकटून बसली आणि तिने त्यातली तीन अंडी खाल्ली. आजी काही बोलायला गेली, पण नियम तिनेच सांगितलेला होता. ती शेवया वाढत राहिली. दुसऱ्या घरी रुइहेने कशीबशी दोन खाल्ली. तिसऱ्या घराच्या उंबऱ्यापाशी अंड्याच्या नुसत्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अजून बरीच घरं उरली होती.

तेव्हा तिने गल्लीत पाहिलं. इतर जावईही घराघरांतून निघत होते, हात पोटावर ठेवून. त्यांच्या मागे त्यांची शहरातून आलेली मुलं, मोबाइलमध्ये डोकं घालून. रुइहेने त्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की आज दुपारी आपले बाबा हरले तर संध्याकाळी भांडी घासणार, आणि जिंकायचं असेल तर खायचं आपल्याला आहे. शहरातल्या मुलांना आजवर कुणी इतकं महत्त्वाचं काम सांगितलं नव्हतं. मोबाइल खिशात गेले. प्रत्येक वाडग्यापाशी एकेक पोर जाऊन बसलं. सासवांना वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं. किती गुणी लेकरं, त्या एकमेकींना म्हणाल्या, बापाचा हात सोडत नाहीत.

इकडे गावचे मुलगे निर्धास्त होते. सात घरं आपलं काम करणारच. त्यांनी सकाळपासून माहजोंगच्या सोंगट्यांचे डाव मांडले होते, तांदळाची लाल दारू गरम करून घेतली होती आणि आपापल्या आयांच्या हातचं बदक खाल्लं होतं. रुइहेचा मामा योंगफू त्यांचा कप्तान. तो दात कोरत मैदानात आला आणि जावयांकडे पाहून त्याची काडी तोंडातच राहिली. जावई उड्या मारत होते. चक्क दोन्ही पायांनी.

भिंतीशी मुलं ओळीने आडवी पडली होती. आजारी आहेत का, असं कुणी तरी विचारलं. "खुशाल आहेत," चाइइंग आजी म्हणाली.

शाळेच्या गुरुजींनी शिट्टी वाजवली. मग जे झालं ते शुइवेइने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. जावई पळत होते आणि मुलगे त्यांना पळताना बघत होते. वेनपेइ एकदा इतका उंच उडाला, की ढोलवाल्याची काठी हवेतच थांबली. गावचाच ढोलवाला तो. जावयासाठी ढोल वाजवायचा असतो की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गुणांच्या फळ्यावर आकडे उलटायचं काम हाइताओकडे होतं, आणि जावयांचे आकडे उलटणारा त्याचा एक हात दुखायला लागला होता. दुसरा मांडीवर स्वस्थ होता.

देशेंग आजोबा खाकरले. त्यांनी माइक घेतला आणि मध्यंतर जाहीर केलं. पाहुणे दमले आहेत, ते म्हणाले, आणि सामन्यासाठी पाहुणचारात खंड पडावा हे आपल्या पूर्वजांना आवडणार नाही. त्यांनी हात केला. देवळाच्या स्वयंपाकघरातून ताटं आली. ताटांत वाडगे, आणि प्रत्येक वाडग्यात सहा.

वेनपेइचा वाडगा चाइइंग आजीच्याच हातात होता. "घ्या जावईबापू," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कपट अजिबात नव्हतं. "घामाघूम झालात."

बाबांनी दोन्ही हातांनी वाडगा घेतला. दुसरं करणार काय? सगळं गाव पाहत होतं. त्यांनी भिंतीकडे एक नजर टाकली. भिंतीशी एकाही पोराच्या पोटात एका शेवईचीही जागा नव्हती.

रुइहे उठली. उठताना तिला भिंत धरावी लागली. ती बाबांपाशी गेली, वाडगा त्यांच्या हातांतून घेतला, आणि सगळ्यांना वाटलं की ही आता खाणार. पण ती वाडगा घेऊन अंगण ओलांडून गेली, देशेंग आजोबांपुढे उभी राहिली आणि वाकून तिने तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आजोबा, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मोठ्यांनी काड्या उचलल्याशिवाय कुणी जेवायचं नसतं, असं आजी सांगते. तुम्ही सुरू करा."

माइक चालूच होता. देवळामागच्या गल्लीतल्या बहिऱ्या आजोबांनीही ते ऐकलं.

देशेंग आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं. लहान मुलाने नववर्षाला दोन्ही हातांनी दिलेलं नाकारायचं कसं? ते हसले, एक अंडं उचललं, खाल्लं आणि वाडगा परत करू लागले.

"विषम आकडा, भावोजी," चाइइंग आजी म्हणाली.

त्यांनी दुसरं खाल्लं.

"आता दोनावर थांबलात तर वाडग्यात चार उरतात. नव्या वर्षात मला चार दाखवणार का तुम्ही?"

त्यांनी आणखी दोन खाल्ली, आणि मग त्यांचं त्यांनाच समजलं, की खाल्ली ती चार झाली आणि इथे तर मुळीच थांबता येत नाही. सहावं अंडं त्यांनी डोळे मिटून गिळलं. तोवर भिंतीशी पडलेली मुलं एकेक करून उठली होती, ताटांतले वाडगे उचलत होती आणि आपापल्या मामांपुढे जाऊन वाकत होती. मामाही मोठेच की. "अगं, माझी भाची ना तू?" योंगफू मामा कळवळून म्हणाला. भाचीने वाडगा आणखी वर धरला.

उरलेल्या सामन्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. गावचे मुलगे उभे होते, हे त्यांच्याबद्दल बोलता येण्यासारखं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फळ्यावर काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. देशेंग आजोबा जरा जपूनच उठले आणि त्यांनी त्या लाल फलकाकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं तो तिथे लटकत होता, पण त्यांनी तो पहिल्यांदाच वाचल्यासारखा मोठ्याने वाचला. आधी स्नेह, मग सामना. तेव्हा आकड्यांना काय महत्त्व, ते म्हणाले. सामना बरोबरीत सुटला असं आपण प्रेमाने मानू. त्यांनी हाइताओला आकडे शून्यावर आणायला सांगितलं.

हाइताओने फळ्याला हात लावला नाही. "आजोबा, मी मोजलंय," तो हळूच म्हणाला.

मग देशेंग आजोबांनी आपला कोट काढला आणि फळ्यावर टांगला. उकडतंय, म्हणाले. आजूबाजूला सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

पण बरोबरी म्हणजे बरोबरी. हरलेला कुणी नाही, तर भांडी कुणी घासायची? तेव्हा संध्याकाळी गावजेवण उरकल्यावर नळापाशी मुलगेही बसले आणि जावईही बसले, बाह्या वर करून, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. योंगफू मामा वेनपेइला म्हणाला, की तू इतका पळतोस हे मला लग्नात कळलं असतं तर बहीण देताना विचार केला असता. वेनपेइ म्हणाला, तुझ्या आईची अंडी लग्नात कळली असती तर मीही केला असता. सासवा बाकांवर रांगेने बसून संत्री सोलत होत्या आणि हे असं दर वर्षी का होत नाही, याचा विचार करत होत्या. देशेंग आजोबा आपला वाडगा स्वतः धुऊन लवकर घरी गेले. त्यांना म्हणे आकडेमोड करायची होती.

भांडी संपली तेव्हा देवळाचे लाल कंदील लागले होते. बाबा ओल्या बाह्यांनी अंगणात आले. सामन्यात सगळे जाळीच्या इतक्या जवळ होते, की लांबून फेकायची वेळच आली नव्हती. रुइहे काही बोलली नव्हती. पण ती मधल्या रेषेवर उभी होती, आणि तिच्या मागे वर्गातली मुलं, सगळ्यांत मागे हाइताओ, चेंडू काखेत घेऊन.

त्याने चेंडू पुढे केला. "काका," तो म्हणाला. ढेकरबाबा म्हणाला नाही.

बाबांनी चेंडू दोन वेळा आपटला. जाळीकडे पाहिलं, मग रुइहेकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण पडद्यावरून काय काय बोलून बसलो आहोत. त्यांनी गुडघे वाकवले आणि फेकला. चेंडू कंदिलांच्या वरून गेला, जाळीच्या लोखंडी कड्यावर आदळला, कड्यावरच एक गिरकी घेतली आणि बाहेर पडला.

कुणी हसलं नाही. चेंडू घरंगळत घरंगळत ढोलांच्या मागे अंधारात गेला. बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "रुइहे, कारखान्यातसुद्धा दर वेळी जात नाही गं. कधी कधी जातो."

रुइहेने पोटावर हात दाबला, ढोलांच्या मागे वाकून शिरली, चेंडू काढला, फ्रॉकला पुसला आणि परत आणून त्यांच्या हातांत ठेवला.